सासूची कंबर, सुनेचे हात

५ फेब्रुवारी, मंगळवार

आज सूनबाईने मला नोकरीवर ठेवलं. बिनपगारी, पण नोकरी ती नोकरी.

सकाळी चहा पुढ्यात ठेवून म्हणाली, "बाबा, तुम्ही माइकवर बोलायचात ना, तसं काहीतरी मला लिहून द्या. दवाखान्याचं पत्रक काढायचंय. मी लिहिलं की ते औषधाच्या खोक्यातल्या कागदासारखं होतं. कुणी वाचतच नाही."

तिचं लिहिलेलं वाचून पाहिलं. म्हणत होती ते खरंच होतं. 'स्नायू व सांध्यांच्या तक्रारींवर हस्तोपचार.' अरे, ज्याची मान आखडलीय तो एवढं वाचून होईपर्यंत समोरच्या मसाज-मशीनवाल्याकडे जाऊन झोपलासुद्धा!

मी जन्मभर भोंग्याच्या गाडीत बसून ओरडलो. साबण, छत्र्या, सायकली, सर्कस. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण पुड्यांच्या कागदांवर. वाण्याने बांधून दिलेला एकही कागद वाचल्याशिवाय टाकला नाही. पण एक विद्या आली. आपल्या तंद्रीत चाललेल्या माणसाला थांबवायचं कसं, ते मला कळतं. गल्लीत अजून 'माइकवाले' म्हणूनच हाक मारतात.

दवाखाना म्हणजे आमच्याच घराच्या पुढच्या दोन खोल्या. एकीत बाकं, दुसरीत उंच टेबल आणि सूनबाई. फिजिओथेरपिस्ट आहे ती. मोठ्या इस्पितळातली नोकरी सोडून हे मांडलं. तिथे म्हणे पेशंटला हात लावायलाच वेळ नसतो, मशीन जोडून द्यायचं आणि पुढच्याकडे वळायचं. इथे ती हातांनी तपासते, हातांनीच मोकळं करते. पण त्यासाठी पेशंट यायला हवेत ना! दिवसभर त्याच टॉवेलांच्या घड्या मोडते आणि घालते बिचारी. चिरंजीव जहाजावर. फोन आला की त्याची एकच रेकॉर्ड, "उन्हाळ्यापर्यंत बघू, नाहीतर जुनी नोकरी आहेच." ती हो म्हणते, फोन ठेवते आणि परत टॉवेल हातात घेते.

९ फेब्रुवारी, शनिवार

सापडलं! काखेत होतं आणि मी बाहेर शोधत होतो.

ही, म्हणजे माझी बायको. जन्मभर 'अगं' म्हणत आलो, वहीत तरी दुसरं काय लिहिणार? तर ही गेल्या वर्षी कमरेने अंथरुणाला खिळली होती. कूस बदलायची म्हटलं की डोळ्यांत पाणी. सूनबाईने महिनोन्महिने रोज सकाळी तिला टेबलावर घेतलं, चोळलं, दाबलं, व्यायाम करून घेतले. आता ही चालते, बसते, बाजार करून येते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, ऐकीव नाही.

मग दुसरी जाहिरात कशाला हवी? मथळा आपोआप आला:

'सासूची कंबर, सुनेचे हात!'

मोठ्याने वाचून दाखवला. ही भाजी चिरत होती. इतकी हसली की सुरी खाली ठेवावी लागली. "अहो, माझी कंबर गावभर वाटणार का तुम्ही?"

"नुसती कंबर नाही, फोटोसुद्धा छापणार."

"या वयात?" म्हणाली. आणि उठून आत गेली ती केस विंचरूनच बाहेर आली.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

सूनबाईशी शब्दाला शब्द झाला. भांडण नव्हे, पण तिची पेन्सिल आणि माझी जीभ दोन्ही चालल्या.

मी लिहिलं होतं, 'सासूबाईंची कंबरदुखी कायमची गेली.' तिने 'कायमची'वर काट मारली.

"बाबा, कायमचं असं काही नसतं. आईंना व्यायाम चालूच ठेवावे लागणार. पुढे वाकून जड उचलायचं नाही, हे तर जन्मभर पाळायचंय. शिवाय त्यांच्या हाडांची तपासणी राहिलीय. तेच लिहा ना, की आधी नीट तपासून घेतो म्हणून."

"अगं पोरी, हे वाचून माणूस सरळ डॉक्टरकडे जाईल. तुझ्याकडे कशाला येईल?"

"ज्याने जायला हवं त्याने जाऊ दे की."

या मुलीचं मला मनापासून कौतुक आहे. पण असं दुकान चालतं का? 'जोराच्या वाऱ्यात उलटी होते' असं ओरडा, हे कुठल्या छत्रीवाल्याने मला कधी सांगितलं नाही.

दुपारभर त्या एका ओळीशी झटलो. शेवटी 'कायमची' काढून टाकलं आणि लिहिलं, 'आज विचाराल, तर दुखणं म्हणजे काय तेच त्या विसरून गेल्या आहेत.' सूनबाईला वाचून दाखवलं. ती दमली होती, त्यात दिवसातला एकुलता एक पेशंट बाहेर येऊन बसला होता. म्हणाली, "हं. हे बरंय."

शब्द गेला, पण अर्थ आपल्या जागेवर ठाण मांडून बसलाय. विद्या अजून गंजलेली नाही.

१८ फेब्रुवारी, सोमवार

पत्रकं आली. पिवळा कागद, मधोमध हिचा फोटो. छापखानेवाला जुना दोस्त, त्याला चावटपणा केल्याशिवाय राहवत नाही. "माइकवाले, वहिनी नवरीसारख्या दिसतायत. तुमचा फोटो घातला असता तर शाई वाया गेली असती."

हिने एक पत्रक घेतलं आणि खिडकीशी जाऊन वाचत बसली. मजकूर तिला तोंडपाठ झालेला, तरी ओठ हलवत, बोट ठेवून वाचत होती. म्हटलं, "चूक सापडली का काही?"

"नाही. वाचतेय नुसतं."

२८ फेब्रुवारी, गुरुवार

बाकं भरली! उभं राहायला जागा नाही. सूनबाईच्या कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर हसू, दोन्ही एकदम. कित्येक दिवसांनी पाहिलं.

कोपऱ्यावरचा बेकरीवाला खांदा धरून आला. गडी बोलघेवडा. बसायच्या आधीच म्हणाला, "सासूबाई कुठायत? आधी सासू दाखवा, मग मी खांदा दाखवतो."

हिला बाहेर बोलावलं. पदराशी चाळा करत आली. बेकरीवाला तिला खालीवर न्याहाळत म्हणाला, "काकू, खरंच बऱ्या झालात, की छापायला काय जातंय?"

सगळी बाकं हसली. हिचा चेहरा लाल झाला. लोकांना प्यायच्या पाण्याचा भरलेला कॅन तिथेच जमिनीवर होता. ही तरातरा गेली, वाकली, दोन्ही हातांनी कॅन उचलला आणि स्टँडवर ठेवला. टाळ्या! मी म्हटलं, "आता बोला!" बेकरीवाल्याने दोन्ही कान पकडले, म्हणजे एक पकडला, दुसऱ्यापर्यंत हात पोचेना.

सूनबाईने आतून विचारलं, "काय चाललंय?"

"काही नाही गं, बेकरीवाले नकला करतायत," मी म्हटलं.

सांगितलं असतं तर तिने लगेच नियम काढले असते.

६ मार्च, बुधवार

आता नवा माणूस आला की कॅन दाखवल्याशिवाय सुटका नाही. जुने पेशंटच नव्यांना सांगतात, "थांबा, सासूबाई येऊ देत." मी सकाळी कॅन भरून मुद्दामच खाली ठेवतो. जाहिरात छापील असते तशी चालती-बोलतीसुद्धा असते. सर्कशीच्या दिवसांत आम्ही आधी हत्ती फिरवायचो, तिकिटं मागाहून.

आज कॅन ठेवून झाल्यावर ही स्टँड धरून जरा वेळ तशीच उभी राहिली. मला वाटलं, टाळ्या संपायची वाट बघतेय. "कलाकार झालीस की गं!" म्हटलं. ती हसली नाही, पण मान हलवली.

१५ मार्च, शुक्रवार

सकाळी उठलो तर ही खिडकीजवळच्या खुर्चीत, पाठीशी उशी. बरेच दिवस तिथेच झोपतेय. म्हणते, वारा बरा लागतो. वाऱ्याची एवढी आवड तिला कधी नव्हती.

परवा स्वयंपाकघरात हिला एक शिंक आली आणि ओटा धरून ही खालीच बसली. मी धावलो. म्हणाली, "दचकले हो." स्वतःच्याच शिंकेने दचकणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. तसं बोललोही. तिने फक्त हात पुढे केला, "उठवा आता."

सूनबाईला हल्ली उभ्याने जेवावं लागतं. तरी आज जाता जाता म्हणाली, "आई, तुमचं टेबलावरचं कितीतरी दिवस राहून गेलंय. उद्या सकाळी याच."

ही म्हणाली, "माझं काय मेलीचं! मी चांगली धडधाकट आहे. तेवढ्या वेळात तुझा एक पेशंट होईल."

सासू सुनेच्या वेळेला एवढी जपतेय, हे पाहून मला भरून आलं. आमच्या आईच्या राज्यात असं काही असतं तर!

२३ मार्च, शनिवार

फळीवरचा डबा काढून द्या म्हणाली. ज्या फळीवर वर्षानुवर्षं हिचाच हात, त्या फळीवरचा! गाऊनही जमिनीला टेकायला लागलेत, बसून खालची शिवण वर घेत होती. मी बाहेर जाऊन बाकांवर विनोद सांगितला, "म्हाताऱ्या झाल्या की बायका खाली खाली उतरतात, आणि आपण पुरुष वर जायची वाट बघतो." बेकरीवाल्याने मांडीवर थाप मारली.

ही मात्र गंभीर झालीय. हसायची वेळ आली की आधी टेबल धरते. नावलौकिकाने माणसात फरक पडतो म्हणतात, तसं असेल.

संध्याकाळी बाजारात एका बाईने ओळखलं. "तुम्ही पत्रकातल्या सासूबाई ना?" ही एकदम ताठ झाली. गप्पा मारल्या, कोपऱ्यापर्यंत झपझप चालली. वळलो तशी म्हणाली, "थांबा हो जरा, हे दुकान बघू." दुकान नळ आणि पाइपांचं. काचेला हात टेकून ती किती तरी वेळ नळ बघत उभी होती. आपल्याकडचा एकही नळ गळत नाही.

३१ मार्च, रविवार

सूनबाईने हाडांच्या तपासणीचं परत काढलं. "बाबा, उद्या आईंना घेऊन जा. माझी मैत्रीण आहे तिथे, फार बसावं लागणार नाही."

हो म्हटलं. मग डोक्यात चक्र सुरू झालं. इस्पितळाच्या त्या बाकांवर निम्मे आमचेच पेशंट असणार. पत्रकातली सासू एक्स-रेच्या रांगेत दिसली, तर दुपारपर्यंत गल्ली गल्ली बोलेल. आणि मशीनवाला तर डोळ्यांत तेल घालून बसलाय.

हिला विचारलं, "तुला काही होतंय का?"

"नाही."

"बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"मग गर्दी ओसरल्यावर जाऊ या का?"

"बरं."

सूनबाईला सांगितलं की तुझ्या सासूचीच आता इच्छा नाही. ती म्हणाली, "त्या तशाच आहेत. पुढच्या आठवड्यात मीच नेते." छापखान्यात दुसरी खेप सांगून आलो.

घरी येताना पायातल्या खड्यासारखं काहीतरी टोचत होतं. सकाळी ही चप्पल काठीने ओढून पायात घालत होती. मी घालून दिली तर म्हणाली, "लाड करताय?" मीही हसलो. पण खाली बसून बघितलं तेव्हा तिचे ओठ मिटलेले होते आणि पाय थरथरत होता. थंडी नव्हती.

जाऊ दे. आपलंही वय झालंय, काहीतरीच दिसतं.

१० एप्रिल, बुधवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहायलाच हवं.

काल सकाळी लांबून एक जोडपं आलं होतं. नवऱ्याची पाठ धरलेली, बायकोच्या हातात आमचं पिवळं पत्रक. ती म्हणाली, "आम्हाला आधी सासूबाईंना भेटायचंय." मी आत हाक मारली, "अगं, ये जरा."

ही भिंतीचा आधार घेत आली. कॅनकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

मी हनुवटीने खूण केली. ड्रायव्हरला गाडी पुढे घे म्हणायचो, तशी.

ती वाकली. तोंडातून आवाज आला तो किंचाळण्याचा नव्हता. चाकातली हवा जावी तसा. कॅन आडवा झाला, पाणी बाकांखालून दारापर्यंत गेलं, आणि ही त्या पाण्यात गुडघ्यांवर.

आतलं दार उघडलं. सूनबाईने कुणाला काही विचारलं नाही. पाण्यातच बसली आणि हिच्या पाठीवर हात ठेवला. मानेखालून हात हळूहळू खाली येत गेला आणि एका जागी थांबला. मी तो हात इतक्या वेळा थांबताना पाहिलाय. दुखरी जागा सापडली की थांबतो.

"आई, हे कधीपासून?"

हिने बाकांकडे पाहिलं. सगळे बघत होते. म्हणाली, "पाय घसरला गं. ओलं होतं."

ओलं तर ती पडल्यावर झालं होतं. तिथल्या सगळ्यांनी ते पाहिलं होतं.

"आई. कधीपासून?"

मग हळूच म्हणाली, "शिंक आली होती ना, तेव्हापासून. म्हणजे थोडं थोडं आधीपासूनच."

सूनबाई मान वर न करता म्हणाली, "आज दवाखाना बंद." माणसं उठली. बेकरीवाल्याने कोपऱ्यातलं फडकं घेतलं आणि चांगल्या हाताने फरशी पुसायला लागला. तो पुसत होता आणि मी उभा होतो.

११ एप्रिल, गुरुवार

इस्पितळ. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून दाखवला. पाठीचा एक मणका पायाखाली आलेल्या पत्र्याच्या डबीसारखा चेपलेला. त्याच्या खालच्याला तडा. हाडं आतून ठिसूळ झालीत म्हणाले. अशा माणसाने पुढे वाकून वजन उचललं की मणके दबतात. कंबर बरी झाली होती हे खरं, पण हे दुखणं वेगळं, वरचं आणि नवं.

"यांची उंची कमी झालेली घरात कुणाच्या लक्षात नाही आली?"

आली होती. मी तिचा विनोद केला होता. हे डॉक्टरांना सांगितलं नाही.

हिच्या पायांना मुंग्या येतात. उजव्या पायात जोर नाही. पट्टा, इंजेक्शनं, पडून राहायचं. पुढे आधाराशिवाय चालेल की नाही, ते आत्ता सांगता येत नाही म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात सूनबाईने विचारलं, "बाबा, रोज कॅन उचलत होत्या?"

"हो."

"तो खाली कोण ठेवायचं?"

"मी."

मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीला टेकली आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. "मी दाराच्या पलीकडे होते. टाळ्या ऐकायचे. वाटायचं, बाबा गमती सांगतायत, लोकांचा वेळ बरा जातोय." मग म्हणाली, "सगळ्या गावाला हात लावला मी. घरातल्या माणसाला लावायचा राहिला."

तुझा काही दोष नाही, असं मी म्हणायला हवं होतं. म्हणालोही. पण ज्याचा होता त्याच्या तोंडून ते फार हलकं वाटलं.

१४ एप्रिल, रविवार

आज ही जरा बोलली. सूनबाई औषधं आणायला गेली होती. मी म्हटलं, "एकदा तरी सांगायचं होतंस गं मला."

छताकडे बघत म्हणाली, "काय सांगायचं? तुम्ही साबणावर लिहिलंत, छत्रीवर लिहिलंत. सर्कशीतल्या त्या हत्तीवर केवढं लिहिलं होतंत, आठवतंय? घरी येऊन मला वाचून दाखवायचात. माझ्यावर या वेळी पहिल्यांदा लिहिलंत. मीच ते खोटं पाडू?"

मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"आणि पोरीचं बस्तान बसत होतं. मी कण्हायला लागले असते, तर कोण आलं असतं?"

"म्हणून मरायचं का?"

"मेले कुठे? बघा, बोलतेय की." असं म्हणून हसायला गेली, आणि हसू अर्ध्यात थांबवून तिने पलंगाची कड धरली. मला आता कळतं, ती कड का धरते. बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

२० एप्रिल, शनिवार

दवाखाना उघडला. सूनबाई सकाळी इस्पितळात आणि दुपारी इथे. काल तिला म्हटलं होतं, पेशंटना खरं काय ते मी सांगतो. "सांगा," म्हणाली. बस, एवढंच.

जन्मभर माइकवर बोललेला माणूस, पण आज बाकांसमोर मथळा सुचेना. कसंबसं म्हटलं, "पत्रकातल्या सासूबाई इस्पितळात आहेत. त्यांची कंबर सूनबाईने बरी केली होती, ते खरं. पण नंतर पाठीचं दुसरं दुखणं आलं, ते त्यांनी लपवलं. लपवलं ते माझ्या लिहिण्यापायी. आणि त्यांनी उचलायला नको होतं ते मी त्यांना उचलायला लावलं. सूनबाईला यातलं काही माहीत नव्हतं."

काही जण उठून गेले. ते लांबून आलेलं जोडपं पुन्हा आलं होतं, तेही गेलं. जाताना त्या बाईने पत्रक घडी करून बाकावर ठेवलं, जपून, जसं काही ते फाटेल.

बेकरीवाला तसाच बसून. "माइकवाले, ते सगळं ठीक. माझ्या खांद्याचं काय?"

सूनबाई दारात उभी होती. म्हणाली, "ते मला माहीत नाही. आधी बघू द्या. माझ्याच्याने होण्यासारखं नसेल तर तसं सांगेन."

"हे त्या पत्रकात नव्हतं," असं म्हणत तो आत गेला.

संध्याकाळी छापखान्यात गेलो. दुसरी खेप छापून तयार होती. घेत नाही म्हटलं. दोस्ताने एरवी चेष्टा केली असती. आज गठ्ठा आत नेऊन ठेवला आणि म्हणाला, "वहिनींना सांगा मी विचारलं म्हणून."

चिरंजिवांचा फोन आला होता. सूनबाई बराच वेळ बोलली. शेवटी "उन्हाळा अजून संपला नाहीये" म्हणाली आणि फोन ठेवला. आज निम्मी बाकं रिकामी होती.

३ मे, शुक्रवार

ही घरी येऊन आठवडा झाला. पाठीला पट्टा. सूनबाईच्या दंडाला धरून दारापर्यंत जाते आणि येते. उजवा पाय मध्येच ऐकत नाही. डॉक्टर म्हणतात, वाट बघा. दवाखान्याचं दार उघडायच्या आधी रोजचा पहिला पेशंट आता हीच. मी स्टूलवर बसून बघतो. सूनबाई आधी तळहात एकमेकांवर घासून ऊन करते, मग हात ठेवते. इतके दिवस मला वाटायचं, ती कामाला लागायची सवय असेल.

आज हात धुताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, आई मला अर्धंच सांगतात. मला वाईट वाटू नये म्हणून. तुम्ही विचारून बघा ना."

"मला सांगेल?"

"माहीत नाही. विचारा तर."

दुपारी चहा घेऊन तिच्यापाशी बसलो. मी बायकोला आजवर काय विचारत आलोय, ते आठवत होतो. 'बरी आहेस ना?' या प्रश्नाचं उत्तर मीच आधी ठरवून टाकलेलं असायचं, तिने फक्त मान डोलवायची. आज म्हटलं, "कुठे दुखतंय तुला?"

"आहे थोडं. आता कमी आहे."

कप हातात धरून बसून राहिलो. गप्प बसायची मला सवय नाही, फार अवघड गेलं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "इथे जळजळतं. म्हणजे जळजळ नाही..."

"सुया टोचल्यासारखं?" माझ्या तोंडून सुटलंच. "की करवत फिरल्या..."

"तुम्ही नका हो सांगू," ती म्हणाली. रागावून नव्हे. "मला शोधू द्या."

मी तोंड मिटलं. तिने शोधलं. एक शब्द घेतला, नाही म्हणाली, दुसरा घेतला. तिसरा तिला पटला. मग पाठीवरून पायावर आली, पायावरून त्या खुर्चीतल्या झोपेवर. मग गेल्या वर्षीचं काहीतरी निघालं. मग फार जुनं, मुलगा लहान होता तेव्हाचं, जे दुखत होतं हे मला माहीतच नव्हतं. चहा निवून वर साय धरली. बाहेरच्या खोलीत कुणीतरी आलं, सूनबाईचा आवाज आला, दार लागलं.

मध्येच थांबून तिने मला विचारलं, "हे लिहिणार आहात का कुठे?"

"नाही," म्हटलं.

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग पुढचं सांगायला लागली.